अकूस्टिक गिटार घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

अकूस्टिक गिटारची बरीचशी कामं घरी होतात आणि माझं तर मत आहे की करावीतच, कारण स्वतः सेटअप केलेली गिटार हाताला जितकी सोपी जाते तितकी दुसऱ्याने केलेली जात नाही. पण क्रम चुकला की सगळं चुकतं. जे काम परत मागे घेता येतं ते आधी आणि जिथे लाकूड, हाड किंवा धातू घासला जाणार ते सगळ्यात शेवटी, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका होतच नाहीत.

म्हणून सुरुवात नवीन तारांपासून. गंजलेल्या, सपाट झालेल्या तारांवर सूर तपासायला गेलात तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) सूर चढा किंवा उतरलेला येणारच, आणि मग लोक चांगली सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासत बसतात, दोष मात्र तारांचा असतो.

ट्रस रॉड फिरवून ॲक्शन कमी करणं

ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची आणि ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तारा उंच वाटल्या की लोक पहिली ॲलन की काढतात. पण ट्रस रॉडचं काम तारांची उंची ठरवणं नाहीच आहे, तारांच्या ओढीने नेकला पुढे जो बाक येतो तो कमीजास्त करणं एवढंच त्याचं काम. लाइट (पातळ तारांच्या) सेटच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांची मिळून ७० किलोच्या आसपास ओढ असते, ती नेकला रात्रंदिवस ओढत असते, म्हणून हा रॉड.

बाक आधी मोजा. गिटार पूर्ण सुरात हवी, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथली फ्रेट (बहुतेक १४वी) दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. ०.१ ते ०.२५ मिमी असेल तर रॉडला हात लावायची गरजच नाही. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर तारेवर टिचकी मारा, बारीकसा टिक् आवाज आला पण तार हललेली जेमतेम दिसली तर ठीक आहे.

फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा, परत सूर लावा, थोडा वेळ जाऊ द्या, परत मोजा. उजवीकडे आवळलं की बाक कमी होतो. ॲलन की बरोब्बर मापाची हवी, मिमीची की रॉडच्या इंचाच्या नटात बसल्यासारखी वाटते आणि कडा खाऊन टाकते. फिरतच नसेल तर जोर लावू नका, रॉड तुटला तर गिटारच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडू शकते. आणि सगळ्या गिटारींना तो असतोच असंही नाही, मार्टिनसारख्या कंपनीने फिरवता येणारा ट्रस रॉड १९८५ साली घालायला सुरुवात केली, नायलॉन तारांच्या क्लासिकलमध्ये तर तो बऱ्याचदा नसतोच. त्या क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवणं ही वेगळीच मोठी चूक, आतली ब्रेसिंग (आधाराच्या लाकडी पट्ट्या) जवळपास निम्म्या ओढीसाठी बनवलेली असते, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो लाकडी तुकडा) उपटून येतो.

सॅडल घासताना हिशोब न करणं

बाक ठीक असेल आणि तरी बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील तर मग सॅडल. जाड ई तार फ्रेटच्या माथ्यापासून २.४ मिमीच्या आसपास आणि बारीक ई १.८ च्या आसपास, इथून सुरुवात करा, मग आपल्या हाताप्रमाणे. बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येते म्हणून तिथे अर्धा मिमी उतरवायचं तर सॅडल एक मिमी घासावी लागते. हा दुपटीचा हिशोब ज्यांना माहीत नसतो ते एकतर घाबरून परत परत तारा काढत बसतात नाहीतर अंदाजाने घासून घालवतात.

नेहमी खालची बाजू घासा, वरची नाही, वर गोलाई आणि प्रत्येक तारेचा सूर जुळवलेला उतार असतो. पेन्सिलने रेघ मारा, सँडपेपर काचेवर चिकटवा, सॅडल सरळ उभी धरा आणि रेघेच्या थोडं अलीकडेच थांबून बसवून बघा. जुनी सॅडल फेकू नका, जास्त घासली गेली तर मापाला तीच लागते.

नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) सगळ्यात शेवटी. तिसरी फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, केसाएवढी फट दिसली की बस, तार टेकलीच तर खाच खोल झालीय. हॅकसॉ ब्लेडने खाचा कापू नका, तारेच्या जाडीची कानस घ्या आणि उतार ट्यूनिंग कीच्या बाजूला द्या. खाचेचा उंच भाग मागे राहिला तर मोकळी (कुठेही न दाबलेली) तार सतारीसारखी झणझणते आणि लोक फ्रेटमध्ये दोष शोधत राहतात. सूर लावताना टिंग करून तार उडी मारत असेल तर कापाकापी नको, तार खाचेत अडकतेय, मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं तरी बऱ्याचदा काम होतं.

बझ कुठून येतोय ते न बघता फ्रेट घासणं

फक्त मोकळ्या तारेला बझ (झणझणाट) असेल तर नट बघा. पहिल्या चारपाच फ्रेटवर असेल तर नेक फारच सरळ किंवा उलटी वाकलीय. एकाच जागी असेल तर पुढची एखादी फ्रेट वर आलीय, छोटी सरळ पट्टी तीन फ्रेटवर ठेवा, डुगडुगली की मधली उंच. आणि कुठेही वाजवा, बझ येतोच, तर ट्यूनिंग कीचं सैल नट, लोंबणारं तारेचं टोक, पिकअपची (गिटारचा आवाज ॲम्पला देणाऱ्या भागाची) वायर हे आधी तपासा, मग आत हात घालून ब्रेस सुटलीय का ते, वरून हलकं ठोकलं तर सुटलेल्या ब्रेसचा आवाज वेगळा येतो.

सुटलेला ब्रिज चिकटवायची घाई

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का बघा. सरकत असेल तर त्याच क्षणी तारा सैल करा, रोज वाजवत राहिलात तर टॉपचं (गिटारच्या पुढच्या फळीचं) लाकूडही सोबत सोलून येतं. फटीत सुपरग्लू सोडणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं, तो वाहत फिनिशवर जातो, आत जुन्या गमावर नुसता थर बसतो, काही दिवसांनी ब्रिज परत उठतो आणि आता खरी दुरुस्ती करणाऱ्याला दुप्पट काम. ब्रिजमधून स्क्रू मारणं तर त्याहून वाईट.

खरा उपाय म्हणजे ब्रिज पूर्ण सोडवायचा, दोन्ही बाजूंचा जुना गम काढून कोरं लाकूड कोऱ्या लाकडाला भिडेल असं करायचं, टाइटबाँड ओरिजिनलसारखा लाकडाचा गम लावायचा, साउंडहोलमधून खोल पोचणारे क्लॅम्प लावायचे आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. तसे क्लॅम्प नसतील तर हे काम लूथियरकडे (गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या. ब्रिजमागे टॉपला थोडा फुगवटा असतो तो मात्र नैसर्गिक आहे, तो दाबायला जाऊ नका.

ब्रिज पिन (तार ब्रिजमध्ये अडकवणारी खुंटी) उडत असेल तर ठोकू नका. तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकाला न अडकता आतल्या लाकडी प्लेटला टेकला पाहिजे, तारेचं टोक जरासं वाकवा, पिन हलकी धरून तार वर ओढा, मग पिन बोटानेच बसते.

हवेकडे लक्ष न देणं

४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते. फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली, टॉप खाली बसला तर लाकूड सुकलंय, उलट दमट हवेत टॉप फुगतो आणि ॲक्शन चढते. अशा दिवसात सॅडल घासलीत तर हवा बदलल्यावर तीच गिटार बझ करायला लागते. आधी गिटार काही दिवस योग्य हवेत ठेवा.

कस्टमायझेशन

पिकअपच्या जॅकसाठी साधारण १२ मिमीचं भोक लागतं, जुनं भोक साध्या ड्रिलने मोठं करू नका, बिट कड पकडतो आणि लाकूड फुटतं, हाताने फिरवायचा रीमर घ्या. सॅडलखालचा पिएझो पिकअप बसवताना त्याच्या जाडीइतकी सॅडल घासायची, आणि एखाद्या तारेचा आवाज बारीक येत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला दोष देण्याआधी सॅडलचा तळ आणि खाच दोन्ही सपाट आहेत का बघा. ट्यूनिंग की बदलताना जुन्या भोकांचं माप घेऊनच नवीन मागवा, बारीक स्क्रूंना आधी भोक पाडा आणि थोडं मेण लावा, नाहीतर डोकं तुटून स्क्रू आत राहतो.

टॉपवर रंगाचे जाड थर चढवू नका, जेमतेम तीन मिमीचं लाकूड थरथरूनच आवाज देतं, वरचा थर जितका जाड तितका आवाज दबतो, आणि लॅमिनेटचं (पातळ थर चिकटवून केलेलं) टॉप घासायला घेतलं तर वरचा पातळ थर बघता बघता निघून जातो. रंग हवाच असेल तर हेडस्टॉक किंवा पिकगार्ड रंगवा.