धाब्याच्या घराची म्याल बदलायची: खर्च किती आणि टेकू कसा द्यायचा

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, आणि म्याल म्हणजे ते पेलणारी मुख्य आडवी तुळई. म्यालीचा खर्च विचारला की बहुतेक जण लाकडाचा भाव सांगतात. खरा खर्च असतो तो तिच्यावरच्या मातीचा आणि तिच्याखालच्या टेकूचा.

आधी म्याल खरंच बदलायची आहे का, ते पाहा. भिंतीत शिरते तिथे पेचकस टोचा. नुसतं टोकच उदईने (वाळवीने) खाल्लं असेल आणि मधलं लाकूड ठणठणीत वाजत असेल, तर भिंतीला लागून एक खांब, त्याच्याखाली रुंद दगड, एवढ्यावर काम भागतं. दोन-अडीच हजारांत मिटतं. मधोमध आडवी चीर पडली असेल किंवा दरवर्षी झोल वाढत असेल, तरच पुढचं वाचा.

हिशोबासाठी १० बाय १२ फुटांची खोली घेऊ. मधोमध १२ फुटांची म्याल, दोन्ही बाजूंनी तिच्यावर टेकलेल्या कड्या (बारीक आडवी लाकडं), वर किलचण (कड्यांवर अंथरलेला काटक्या-फळ्यांचा थर) आणि ९ इंच पांढरी माती. एवढ्या छतावर ९० घनफूट माती बसते, म्हणजे जवळपास एक ब्रास (शंभर घनफूट), वजनाने चार टन. निम्मा भार एकट्या म्यालीवर. त्यामुळे ‘माती न काढता टेकू लावून बदलून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. माती काढायचीच. ती फेकू नका, अंगणात ताडपत्रीवर ठेवा. हीच परत चढवायची आहे, आणि तशी जुनी मुरलेली माती आता सहज मिळत नाही.

हे काम मार्च ते मे. मृगाच्या तोंडावर छत उघडू नका.

आता टेकू. घरं पडतात ती इथेच.

टेकू म्यालीला नाही, कड्यांना द्यायचा. म्याल तर काढायचीच आहे. म्यालीच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासून दीड-दोन फुटांवर एकेक रांग. प्रत्येक रांगेत वर ४ बाय ४ इंची आडवी बल्ली आणि खाली चार जॅक, म्हणजे स्लॅबखाली लावतात ते आटे फिरवून उंच होणारे लोखंडी खांब. सेंटरिंगवाल्याकडे ते भाड्याने मिळतात. जमीन शेणामातीची आणि खाली काळी माती, म्हणून जॅकखाली सलग दोन इंची फळी हवी. विटेवर किंवा सुट्या दगडावर उभा केलेला जॅक भार आला की खचतो, आणि एक खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो. जॅक आपसात बांबूने तिरके बांधून घ्या. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक जॅक उचलायला वापरा, पण त्याच्या भरवशावर छत रात्रभर ठेवू नका. तेल झिरपतं आणि तो हळूहळू बसतो.

जॅक एका फेरीत अर्धा आटा फिरवायचा, सगळे सारखे. ‘आता उचललंच आहे तर झोलही काढून टाकू’ हा मोह आवरा. पन्नास-साठ वर्षांत बसलेलं छत एका दिवसात दोन इंच वर रेटलं, तर कड्यांची टोकं भिंतीतून सुटतात आणि भिंतीचा माथा फुटतो. करकर आवाज आला किंवा किलचणीतून माती गळायला लागली की थांबा. भार सुटला का, हे अंदाजाने ठरवू नका. हॅकसॉचं जुनं पातं प्रत्येक कडी आणि म्याल यांच्या सांधीत सरकवून पाहा. सगळीकडे सुळकन गेलं पाहिजे. एके ठिकाणीही अडलं, तरी म्यालीला करवत लावायची नाही.

मग जुनी म्याल दोराने बांधून मधोमध कापा आणि काढा.

नवी म्याल भिंतीत दोन्हीकडे ९-९ इंच बसली पाहिजे, म्हणजे लांबी साडेतेरा फूट. एका भिंतीला आरपार भोक पाडून ती सरकवायची. टोकाखाली फुटभर रुंद काँक्रीटचा ठोकळा किंवा जाड दगड हवा, नाहीतर मातीची भिंत चिरडते. टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा. हवा लागली तर लाकूड टिकतं. क्लोरोपायरीफॉस २० टक्के, एक लिटरला १९ लिटर पाणी, हातमोजे घालून टोकांना आणि भोकाला मारा. अजून एक गोष्ट सुतारही विसरतात: नवी म्याल सरळ, छत मात्र मधे झुकलेलं. म्हणून ती मधल्या कडीच्या पातळीला बसवा आणि कडेच्या कड्यांखाली पाचरी ठोका.

आता पैसे. ६ बाय ९ इंची सागवान म्याल सुमारे पाच घनफूट भरते. घनफुटाला तीन-चार हजार धरले तर १५ ते २० हजार. परतवाडा, बल्लारशाहकडचा माल चांगला, पण ओला घेऊ नका. शेताच्या धुऱ्यावरचा साग परवानगीशिवाय तोडू नका, वाहतुकीलाही वनविभागाचा पास लागतो. पाडलेल्या वाड्याचं जुनं लाकूड स्वस्त आणि वाळलेलं असतं. फक्त जुन्या खाचा मधोमध नसाव्यात. लोखंडी २०० मिमीचा आय गर्डर शंभर किलोच्या आसपास, किलोला ६५-७० ने सात हजार. धाब्याला हाच बरा. दिसायला साग, टिकायला गर्डर.

मजुरी: चार मजूर चार दिवस, रोज पाचशेने ८ हजार. सुतार आणि मिस्त्री मिळून चार रोज, साडेतीन हजार. जॅक, फळ्या, ठोकळे, औषध मिळून दोन-अडीच हजार. म्हणजे गर्डरने २१ हजारांच्या आसपास, सागाने २९ ते ३४. हे आकडे मापासाठी. भाव आपल्या तालुक्याचे लावा.

जॅक सोडताना मधल्यापासून कडेला, अर्धा आटाच. काढून टाकू नका, कड्यांच्या अर्धा इंच खाली तसेच राहू द्या. माती कुटार (भुसा) कालवून, एकेक थर धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून), पन्हाळ्याकडे उतार देत चढवा. पूर्ण चढून दोन दिवस झाले आणि कड्या खाली येऊन बल्लीला टेकल्या नाहीत, तर जॅक परत करा.