कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ : तक्रारअर्ज कसा लिहावा

घटना घडली त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि आसपास कोण होतं ते लिहून ठेवा. बहुतेक अर्ज ढिले पडतात ते इथेच: ‘तो नेहमी त्रास देतो’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचे शब्द कितीही घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहा; लाजायचं त्याने, तुम्ही नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसू द्या.

२०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत अर्ज द्यायचा. उशिराचं कारण पटलं तर अशा तक्रारींची चौकशी करणारी समिती आणखी ३ महिने देऊ शकते. पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून ६ प्रती कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे द्या, पोच घ्या. एचआरला तोंडी सांगून भागत नाही. कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही हीच समिती.

चौकशीची मुदत ९० दिवस. तोवर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापायची नसते. समेट फक्त तुमच्या विनंतीवरून, आणि पैशांच्या बदल्यात मुळीच नाही.