हाडाची पावडर भरली म्हणजे हाड झालं नव्हे: इम्प्लांटआधीच्या ग्राफ्टिंगमध्ये या चुका टाळा

"पावडर भरून झाली ना डॉक्टर? मग स्क्रू पण आजच बसवून टाका, परत सुट्टी नको." असं म्हणणारा पेशंट मला वरचेवर भेटतो. त्याची चूक नाही. स्क्रू म्हणजे इम्प्लांट, दाताच्या जागी जबड्यात बसवायचं कृत्रिम मूळ. त्यासाठी हाड कमी पडलं की आधी तिथे दाणे भरतात, तो ग्राफ्ट. पण 'हाडाची पावडर' हा शब्दच घोटाळा करतो. भिंतीतल्या भोकात लांबी भरावी आणि सुकली की खिळा ठोकावा, असं चित्र त्यातून डोळ्यांसमोर येतं.

बाटलीत असतात ते जाडसर वाळूसारखे दाणे, बहुतेकदा पाव ते एक मिलिमीटरचे. वेल चढायला मांडव घालतात, तेवढंच त्यांचं काम. वेल तुमचीच. आधी रक्तवाहिन्या दाण्यांच्या फटींतून आत शिरतात, त्यांच्या मागून हाड बनवणाऱ्या पेशी येतात. याला महिने लागतात आणि तेवढे दिवस मांडव जागचा हलून चालत नाही. दाणे सारखे हलत राहिले तर तिथे हाडाऐवजी तंतुमय मांस धरतं, आणि मांसात इम्प्लांट घट्ट बसत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर खालच्या निम्म्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

दात काढताना पुढचं न विचारणं

पहिली चूक ग्राफ्टच्या कितीतरी आधी होते. दात हलतोय, दुखतोय, काढून टाका, पुढचं पुढे बघू. पण दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते आवरायला घेतं. खड्ड्याची गालाकडची भिंत, विशेषतः पुढच्या दातांना, बरेचदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ती सगळ्यात आधी विरघळते. पहिल्या वर्षात जबड्याच्या त्या जागेची रुंदी साधारण निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

म्हणून इंजेक्शन घेण्यापूर्वीच विचारा: इथे पुढे इम्प्लांट करायचं झालं तर आजच खड्ड्यात ग्राफ्ट भरून ठेवावा का? त्याला सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतात. झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. प्रत्येकाला त्याची गरज असते असंही नाही. मात्र दोन वर्षांनी जबड्याची कड सुरीच्या पात्यासारखी झाल्यावर ती रुंद करणं हे कितीतरी मोठं काम आहे.

"गोळ्या? काहीच चालू नाहीत"

सत्तरीच्या एक आजी. फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. मुलगी शेजारीच बसलेली. मी विचारलं, "हाडं ठिसूळ झाली म्हणून काही औषध घेता का?" "छे, काही नाही." मग मुलगी म्हणाली, "आई, ते वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते?" आजींच्या लेखी ते औषधच नव्हतं. औषध म्हणजे रोजची गोळी.

नेमकं तेच सांगायला हवं होतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सर हाडात पसरल्यावर दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं (आठवड्याची गोळी असो की वर्षाचं इंजेक्शन) आणि सहा महिन्यांनी टोचतात ते डेनोसुमॅब, यांच्यामुळे क्वचित जबड्याचं हाड भरूनच येत नाही, उघडं पडतं. कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमध्ये हा धोका बराच जास्त. म्हणजे ग्राफ्टिंग अशक्यच असं नाही, पण बेत बदलतो, कधी रद्दही होतो. आणि हे वाचून इंजेक्शन स्वतःच्या मनाने चुकवू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवल्यास मणके मोडण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: दंतवैद्य आणि ती गोळी लिहून देणारे डॉक्टर यांना आपसात बोलू द्या.

जबड्याला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कितीही वर्षं उलटली असली तरी. मधुमेह असेल तर सकाळची एक साखर पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी लागते. तंबाखूबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. धूर असो की चघळायची, हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, आणि आपली सगळी भिस्त त्या रक्तावर. निदान आधीचे काही आठवडे आणि नंतर हाड धरेपर्यंत ती बंद हवी. "फक्त दोनच" ओढणाऱ्यांचे टाके उसवलेले मी पाहिले आहेत.

एका एक्स-रेवर निर्णय

मोठा आडवा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, उंची दाखवतो, तीही थोडी फुगवून. रुंदी दाखवत नाही. फोटोत भरपूर हाड दिसतं, हिरडी उघडल्यावर कड तीन मिलिमीटरची निघते. इम्प्लांटच्या गालाकडच्या बाजूला साधारण दोन मिलिमीटर हाड असावं, खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर सुटावं. असली मापं सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवरच नीट घेता येतात. ग्राफ्ट सुचवला असेल तर स्कॅन समोर ठेवून विचारा: किती आहे, किती हवं, कुठे कमी पडतंय?

उलट बाजूही आहे. थोडं हाड कमी दिसलं की लगेच ग्राफ्ट, असंही नसतं. कधी आखूड इम्प्लांट चालतं, कधी तिरकं बसवून सायनस (वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी) टाळता येतो, कधी इम्प्लांट बसवतानाच बाजूला थोडे दाणे घालून भागतं. "ग्राफ्टशिवाय काही मार्ग आहे का" हा प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याला दुसरा प्रश्न विचारत बसू नका. दुसरं मत घ्या.

"सगळ्यात चांगलं मटेरियल टाका"

हाड तुमच्याच हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून घेता येतं, दात्याचं प्रक्रिया केलेलं मिळतं, गाईगुरांच्या हाडापासून बनवलेलं असतं, किंवा पूर्ण कृत्रिम. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, पण ते लवकर विरतं आणि दुसरी जखम करावी लागते. गुरांच्या हाडाचे दाणे फार सावकाश विरतात, त्यामुळे आकार टिकून राहतो. यात पहिला-दुसरा नंबर लावता येत नाही. चारी बाजूंनी भिंती शाबूत असलेला खड्डा जवळजवळ कशानेही भरतो. झिजलेल्या सपाट कडेवर उंची चढवायची तर उत्तम मटेरियलही घसरतं. तिथे पडदा, छोटे पिन-स्क्रू, कधी टायटॅनियमची जाळी आणि मुख्य म्हणजे टाके घालणारा हात महत्त्वाचा.

दाण्यांवर घातलेल्या पडद्याला मेम्ब्रेन म्हणतात. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात. पडदा नसेल तर त्याच आधी जागा बळकावतात. बरेचसे मेम्ब्रेन डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचे असतात. प्राण्यापासून बनवलेलं काही तोंडात नको असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधी बोला. पर्याय असतात, पण टाके घातल्यानंतर त्यांचा उपयोग नाही.

घरी गेल्यावर: मांडव हलवणारे उद्योग

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि करणारी माणसं बहुधा फार काळजी घेणारी असतात.

त्यांतला एक उद्योग, आरसा. चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले, पुढच्या वरच्या दाताच्या जागी ग्राफ्ट केलेले. रोज सकाळ-संध्याकाळ ओठ वर ओढून मोबाइलवर फोटो काढून ठेवत होते, तारीखवार. मला दाखवले. पहिल्या दिवशीच्या फोटोत टाक्यांची रेघ बंद, तिसऱ्या दिवशीच्या फोटोत मधोमध तांदळाएवढी फट, चौथ्या दिवशी फटीतून पांढरे दाणे दिसणारे. ओठ ओढला की आतली हिरडी ओढली जाते आणि टाके कापत जातात. त्यांनी जखम फाटत जातानाचे फोटो स्वतःच इमानेइतबारे काढले होते. बघायचं असेल तर आम्ही बघू. दोन आठवडे ओठाला हात नको.

दुसरी, कवळी. मला विचाराल तर ही आरशापेक्षा वाईट, कारण ती दुखत नाही. ग्राफ्टवर जुनी काढती कवळी तशीच घातली, की प्रत्येक घासागणिक ती दाण्यांवर दाब देते. वरून हिरडी गुलाबी दिसते, आतून रचलेलं सपाट होत जातं आणि पाच महिन्यांनी स्कॅनमध्ये कळतं. कवळी कधी घालायची, आतून किती खरवडून मऊ अस्तर लावायचं, हे ऑपरेशनच्या दिवशीच ठरवून घ्या. समारंभापुरती घालायची असेल तर तसं सांगा. जेवताना आणि झोपताना ती डबीतच.

बाकीचं भराभर. पहिला दिवस जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ तर कित्येक दिवस नाही. तोंडात ओढ निर्माण झाली की रक्ताची गुठळी निघते. दुसऱ्या दिवसापासून औषधी पाणी तोंडात धरा, मान इकडे तिकडे कलती करा आणि ओठांतून नुसतं गळू द्या. त्या पाण्यात क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असेल तर दातांवर तपकिरी डाग पडतात, ते सफाईत निघतात, घाबरू नका. जिभेने टाके चाचपणं थांबवा (सांगणं सोपं, मला माहीत आहे). मऊ, कोमट, चावावं न लागणारं खाणं आणि घास दुसऱ्या बाजूने. बर्फ बाहेरून, थांबत थांबत, पहिले एक-दोन दिवस. उशी उंच. व्यायाम, वजन उचलणं आठवडाभर बंद. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट झाली असेल तर एक नियम बाकी सगळ्यांच्या वरचा: नाक शिंकरायचं नाही. दोन-तीन आठवडे तरी. सायनसचं अस्तर उचलून त्याखाली दाणे ठेवलेले असतात, आणि ते अस्तर पापुद्र्याइतकं पातळ. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. विमानप्रवास ठरलेला असेल तर तारीख आधी सांगा. सर्दी झालेली असताना ही शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा हट्ट धरू नका, पुढे ढकला.

हे दिसलं तर काय समजायचं

तोंडात दोन-चार दाणे आले, पहिल्या आठवड्यात: बहुधा काही बिघडलेलं नाही, वरवरचे जास्तीचे निघतात. रोज येत राहिले किंवा चिमूटभर आले तर दाखवा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढली: अपेक्षितच आहे, तेव्हाच ती कळसाला असते. उतरायला लागून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वर आली, ठणका लागला, ताप, घाणेरडी चव किंवा पू: त्याच दिवशी फोन. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनचीही वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

टाक्यांमधून पांढरा पडदा डोकावतोय: ओढू नका, कापू नका, सुटलेला धागा समजून चिमट्याने उपटू तर अजिबात नका. पुष्कळदा तो मेम्ब्रेन असतो. काही मेम्ब्रेन तर मुद्दाम उघडे ठेवायचेच असतात. बाकीचे उघडे पडले तरी वेळेत स्वच्छता ठेवली तर ग्राफ्ट वाचू शकतो.

ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर: "इंजेक्शन जोरात होतं" म्हणून आठवडाभर थांबू नका. भूल काही तासांत उतरते. त्यानंतरचा बधिरपणा म्हणजे नस दुखावलेली असू शकते, आणि त्यात लवकर कळण्याला किंमत आहे.

पाणी पिताना नाकातून आलं, किंवा एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव: सायनसशी वाट उघडली असावी. थांबण्यासारखं नाही.

घाई आणि दिरंगाई

दात काढून भरलेला खड्डा साधारण तीन-चार महिन्यांत तयार होतो, कड रुंद केली असेल तर चार ते सहा, मोठी सायनस लिफ्ट असेल तर सहा ते नऊ. एक्स-रेमध्ये जागा पांढरी दिसते म्हणून हाड झालं असं समजू नका. गुरांच्या हाडाचे दाणे भरल्या दिवसापासूनच पांढरे दिसतात.

याच्या उलट, ग्राफ्ट झाल्यावर दुखणं नाही, सूज नाही, म्हणून दोन वर्षं न फिरकणारेही असतात. जबड्याचं हाड काम असेल तरच टिकतं. भार न पडणारा ग्राफ्ट, विशेषतः स्वतःच्या हाडाचा, हळूहळू झिजत जातो आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

शेवटची परीक्षा ड्रिल लावल्यावर होते. हिरडी उघडली, की धरलेला ग्राफ्ट दाबला तर दबत नाही, ड्रिलला विरोध करतो आणि भोकातून ताजं रक्त येतं. ते रक्त बघून मला बरं वाटतं. कधी मात्र दाणे तसेच सुटे, मांसात रुतलेले निघतात. मग इम्प्लांटचं पाकीट न फोडता बाजूला ठेवायचं, सुटं सगळं खरवडून काढायचं, जमलं तर तिथेच नवीन ग्राफ्ट, नाहीतर हिरडी भरू द्यायची आणि पेशंटला नवी तारीख द्यायची. त्या दिवशी पेशंट हमखास विचारतो, "आता घातलंच आहे भुलीचं इंजेक्शन, तर स्क्रू बसवूनच टाका ना?"

नाही बसवत.