बिस्बीचा पिरोजा घेताना आधी मागची बाजू बघा

अमेरिकेत ॲरिझोनातल्या बिस्बीची लॅव्हेंडर पिट ही तांब्याची उघडी खाण 1974 मध्ये थांबली. तिथला गडद निळा, चॉकलेटी जाळीचा पिरोजा आता जुन्या साठ्यातूनच फिरतो, म्हणून त्या नावाखाली रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट सर्रास खपवला जातो. हे दोन्ही मुळात पांढरे दगड.

1. दहापट भिंग घ्या आणि दगडाची पाठ, कडा, मणी असेल तर भोक बघा. रंगवलेल्या दगडात निळा रंग चिरांमध्ये साचून जास्त गडद दिसतो, आणि भोकात किंवा टवका उडालेल्या जागी आतला पांढरेपणा उघडा पडतो. निम्मे नकली नग मी इथेच बाजूला ठेवते.

2. शंका उरलीच तर कानकोरणीच्या कापसाला थेंबभर ॲसिटोन लावून मागच्या बाजूला हलकेच घासा. कापूस निळा झाला तर दगड परत करा.

3. कापूस स्वच्छ राहिला म्हणून दगड बिस्बीचाच ठरत नाही. खाण कोणती, हे घरच्या तपासणीत कळत नाही. खाणीचं नाव आणि दगडावर राळेची प्रक्रिया (दगड घट्ट करायला त्यात राळ मुरवणं) झाली आहे का, हे दोन्ही पावतीवर लिहून मागा. जुनी पावती किंवा आधीच्या मालकाची नोंद मिळाली तर फारच उत्तम.

ॲसिटोन दर्शनी बाजूला कधीच लावू नका, आणि विक्रेत्याला विचारल्याशिवाय तर मागेही नाही. अस्सल पिरोजाही सच्छिद्र असतो. त्यावर चमकेसाठी लावलेलं मेण उतरून डाग कायमचा राहू शकतो.