जुन्या लेन्सने चंद्र कसा काढायचा

घरात काकाचा जुना फिल्म कॅमेरा पडला असंल तर त्याची लेन्स फेकू नका. एम४२ म्हणजे चुडीवाली लेन्स असंल तर कॅननच्या डीएसएलआरवर साध्या रिंगने (लेन्स अन् कॅमेरा जोडणारा अडॅप्टर) बसते, पण निकॉनवर काच नसलेली रिंग घेतली तर दूरचा फोकसच येत नाई, कारण निकॉनमधी सेन्सर माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) ४६.५ मिमीवर अन् या लेन्सला पाह्यजे ४५.४६, एवढ्याशा फरकानं चंद्र गेला. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, ही कटकटच नाई.

मिररलेस असंल तर मेनूमधी 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, कॅमेऱ्याले जुनी लेन्स ओळखू येत नाई, नाईतर बटन दाबून दाबून थकसान.

पुनवेचा चंद्र सपाट दिसते, मी तर अष्टमीलेच काढतो, उजेड-अंधाराच्या रेघेवर खड्डे कसे उठून दिसतेत! पुनवेले लेन्सचं छिद्र एफ/११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१००, अष्टमीले एफ/५.६ करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरोसा नाई, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) १० पट मोठा करून रिंग हळूहळू फिरवा, खड्ड्याची कडा टोकदार झाली का थांबा. ट्रायपॉड नसंल तर स्लॅबच्या कठड्यावर तुरीची अर्धी पिशवी ठेवा, २ सेकंदाचा टायमर लावा. २०० मिमीनं सेन्सरवर चंद्र जेमतेम २ मिमीचा येते, क्रॉप करावंच लागंल.