दुर्गम ॲबोरिजिनल वस्तीत समाजाची शाळा कशी उभारावी

ऑस्ट्रेलियातील एखाद्या दुर्गम ॲबोरिजिनल (तेथील मूळ रहिवाशांच्या) वस्तीत शाळा उभारण्यास मदत करावयाची असेल, तर इमारतीचा विचार बाजूला ठेवून आधी तेथील वडीलधाऱ्यांसमवेत बसावे. कोणते ज्ञान मुलांना कोणी द्यावयाचे आणि कोणते सर्वांसमोर उघड करावयाचे नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे; या बैठकांना महिने लागले तरी घाई करू नये. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्ट्रेली येथे १९७६ साली समाजाने स्वतःची शाळा काढली, तेव्हा तिच्या पाठीशी पिलबारा भागातील पशुपालन केंद्रांवरच्या ॲबोरिजिनल कामगारांनी १९४६ साली केलेल्या संपापासून जपलेली एकजूट होती.

त्यानंतर भाषेचा निर्णय घ्यावा. मूल घरी वार्लपिरी ही मध्य ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल भाषा बोलत असेल, तर त्याला अक्षरओळख वार्लपिरीतूनच व्हावी आणि इंग्रजी आधी बोलण्यातून, मग वाचनातून यावी. पुस्तके वस्तीतच तयार करता येतात: आजीने सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करावी, स्थानिक शिक्षिकेने ती लिहून काढावी, मुलांनी चित्रे काढावीत आणि छापण्यापूर्वी ती आजीला वाचून दाखवावी. पुढे त्या आजीचे निधन झाले, तर तिचे नाव, छायाचित्र आणि आवाज वापरावा की नाही हे कुटुंबाला विचारावे व होकार मिळेपर्यंत पुस्तक बाजूला ठेवावे. भाषेचा हा निर्णय शाळेच्या घटनेत लिहून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात २००८ साली रोजचे पहिले चार तास इंग्रजीतून शिकविण्याचे धोरण जाहीर झाले आणि अनेक वर्षांच्या द्विभाषिक कामाची घडी विस्कटली.

वर्गाची सूत्रे स्थानिक शिक्षकाच्या हाती असावीत. बाहेरून आलेला शिक्षक दोनएक वर्षांत निघून जाऊ शकतो; स्थानिक शिक्षक मात्र त्या मुलांचा मामा किंवा मावशी असतो. म्हणून त्याला मदतनीस म्हणून न राबविता पूर्ण वेतन आणि वस्तीतच प्रशिक्षण द्यावे. नॉर्दर्न टेरिटरीच्या आर्नेम लँड भागातील यिर्काला येथील शाळेत १९९० मध्ये ॲबोरिजिनल मुख्याध्यापक नेमले गेले. खारे आणि गोडे पाणी जेथे मिसळते त्या जागेची ‘गान्मा’ ही तेथील यॉल्ङू समाजाची कल्पना, म्हणजे दोन ज्ञानप्रवाहांचा संगम, अध्यापनाचा आधार झाली.

नोंदणी आणि निधीसाठी सरकारी अभ्यासक्रमाच्या अटी पाळाव्या लागतातच. वार्षिक वेळापत्रक मात्र अंत्यविधी, समारंभ आणि उत्तरेकडे पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते पाहून वस्तीच्या समितीनेच आखावे.