दसरा काढताना गोधडी कशी धुवावी: आधी गार पाणी, मग कढत

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात सोलापूरकडे आणि मराठवाड्यात ‘दसरा काढतात’. घरातली प्रत्येक गोधडी, चादर, वाकळ बाहेर येते, धुतली जाते आणि गच्चीवर, कुंपणावर, जिथे जागा मिळेल तिथे वाळत पडते. दिवसही नेमके निवडलेले आहेत. चार महिन्यांची ओल कपड्यांत मुरलेली असते आणि पाऊस ओसरून कडक ऊन पडायला लागलेलं असतं. माझ्या मुलीला सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका यायच्या, तेव्हापासून मी हे काम रीत म्हणून नाही, तर तिच्या श्वासासाठी करते.

पहिल्या वर्षी माझी एक चूक झाली. बाळंतपणातली दुपटी आणि आजीची गोधडी मी थेट कढत साबणाच्या पाण्यात घातली. शिंका कमी झाल्या, पण दुधाचे आणि रक्ताचे जे डाग फिकट होते ते तपकिरी होऊन कायमचे बसले. दूध, रक्त, अंडं यांत प्रथिनं असतात. उष्णतेने ती घट्ट होतात, अंडं उकडल्यावर होतं तशीच, आणि धाग्याला धरून बसतात. उलट ज्यांच्यामुळे शिंका येतात ते धुळीतले बारीक किडे गार पाण्यात मरत नाहीत, त्यांना उष्णताच लागते. म्हणजे डागाला गार पाणी आणि किड्याला कढत, आणि दोन्ही एकाच गोधडीत. उपाय एकच: क्रम चुकवायचा नाही.

आधी कोरडी झाडून घ्या

गोधडी घराबाहेर न्या, दोघांनी चार कोपरे धरून झटका, मग काठीने हलकेच बडवा. नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क हवाच. ज्याला दमा किंवा शिंकांचा त्रास आहे, त्याने हे काम करू नये आणि वाऱ्याच्या दिशेलाही थांबू नये. काळे बुरशीचे ठिपके असतील तर तेही आत्ताच, कोरडे असताना, ब्रशने बाहेरच्या बाहेर खरवडा. ओले केल्यावर ते पसरतात.

मग गोधडी नीट बघा. जुन्या गोधडीत एकावर एक लुगडी, धोतरं, कधी एखादा रेशमी तुकडाही असतो. प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर पांढरं ओलं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग उतरला तर ती गोधडी इतर कपड्यांपासून वेगळी ठेवा आणि कढत पाण्यात घालू नका. रेशीम आणि लोकर यांनाही कढत पाणी चालत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर त्यांचा धागाच खाऊन टाकतं.

मग एकेक डाग

रक्त, दूध, उलटी, चहा: आधी फक्त गार पाणी, मागच्या बाजूने धार धरून, म्हणजे डाग आला त्या वाटेने परत ढकलला जातो. डासाच्या रक्ताचा वाळलेला ठिपका असेल तर तासभर गार पाण्यात भिजत ठेवा, मग अंगाचा साबण लावून चोळा. पांढऱ्या सुती कपड्यावर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबभर टाकलं की फेस येतो आणि डाग सुटतो. रंगीत कपड्यावर ते आधी कोपऱ्यात लावून बघा. चहात दुधाबरोबर टॅनिनही असतं. म्हणून दुधाचा भाग गार पाण्याने निघाला की उरलेल्या तपकिरी छटेसाठी ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेल्या ब्लीचची) पूड कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवा.

लहान मुलाची शू: गार पाण्याने दोनदा खळबळून काढा, मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्याने काढा. इथे क्लोरीनच्या ब्लीचचा थेंबही टाकू नका. शूमध्ये अमोनिया तयार होतो आणि ब्लीचशी त्याचा संयोग होऊन घशाला, फुप्फुसांना इजा करणारा वायू सुटतो. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड, यांतूनही क्लोरीन वायू बाहेर येतो. बंद न्हाणीघरात हे घातक आहे. हे मी दरवेळी घरातल्या सगळ्यांना पुन्हा सांगते.

तेल हा गार पाण्याच्या नियमाला अपवाद. उशीकडच्या बाजूला खोबरेल तेलाचा जो पिवळा, चिकट पट्टा दिसतो तो गार पाण्याला दाद देत नाही. त्यावर डाळीचं पीठ भुरभुरून तासभर ठेवा, झटका, मग भांडी घासायचं लिक्विड न पातळ करता थेट लावा, बोटांनी चोळा आणि कोमट पाण्याने काढा. जुना पट्टा असेल तर दोनदा करावं लागतं.

आणि हळद. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत लाल रंग धरतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच गुणावर. व्हिनेगरचं पाणी लावलं की लाल डाग परत पिवळा होतो, पण जात नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात विरघळतं. म्हणून भाजीचा डाग असेल तर आधी वरच्यासारखं भांड्याचं लिक्विड लावून तेल काढा. जे पिवळं उरेल ते उन्हावर सोडा. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचा रंग तुटतो. डागाची बाजू वर करून ओली गोधडी उन्हात टाका, वाळली की परत ओली करा. दोन-तीन दिवसांत डाग फिकटत जाऊन नाहीसा होतो. हळदीवर मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता कढत पाणी

धुळीतले किडे साधारण ०.३ मिलिमीटर लांबीचे, डोळ्यांना न दिसणारे. ते आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात ओढून घेतात. पावसाळ्यात ते का माजतात ते यावरून कळतं. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हे किडे आहेत, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी दाखवलं. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी होतो. म्हणून किडा मारणं हे अर्धंच काम, त्याची घाण धुऊन बाहेर काढणं हे उरलेलं.

त्यासाठी पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. थर्मामीटर नसला तरी हिशोब सोपा आहे: उकळतं आणि नळाचं पाणी सारखं घेतलं की ६० च्या थोडं वर येतं. पण गोधडी आधीच गार पाण्याने भिजलेली असते आणि बरंच पाणी धरून ठेवते. म्हणून ती नीट पिळून घ्या, एक भाग नळाचं आणि दोन भाग उकळतं पाणी घ्या. धातूच्या टबात किंवा मोठ्या घमेल्यात आधी गार पाणी, त्यावर कढत, मग साबणपूड, आणि शेवटी गोधडी. लांब काठीने खाली दाबा, हात घालू नका, मुलांना दूर ठेवा. अर्धा तास तसंच राहू द्या.

पाणी सोसवेल इतकं झालं की पायाने तुडवा. घरातल्या मशीनमध्ये मी मोठी गोधडी घालत नाही. ओली झाल्यावर ती एका बाजूला गोळा होते आणि धावदोऱ्याचे टाके उसवतात. जीर्ण लुगडं धोपटूही नये. मग खळबळा, पाणी बदला, पुन्हा खळबळा. किड्यांची घाण जाते ती याच पाण्यांत, म्हणून चार पाणी तरी काढा, पाणी नितळ दिसेपर्यंत.

कढत पाणी न चालणारी लोकरीची टोपी, मऊ खेळणी किंवा रेशमी दुपटं पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा. किडे मरतात, पण घाण तशीच राहते. नंतर त्या कापडाला सोसेल तशा, गार पाण्याने धुवा.

वाळवणं

ओली गोधडी एका दोरीवर टाकली की स्वतःच्या वजनाने ताणली जाते. दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, नाहीतर बाजेवर. दर दोन तासांनी उलटा, संध्याकाळी घरात घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवा. वरून कोरडी वाटली तरी शिवणींच्या जाड कोपऱ्यांत ओल असते. तिथे गाल टेकवून बघा. गारवा लागला तर अजून वाळायची आहे. अर्धवट वाळलेली गोधडी घडी घालून ठेवण्यापेक्षा न धुतलेली बरी, कारण आठवड्यात तिला बुरशी लागते.

कापसाच्या गाद्या धुता येत नाहीत. त्यांना दोन्ही बाजूंनी दिवसभर कडक ऊन द्या, नंतर बाहेरच बडवा आणि जमलं तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. कापूस गोळा झाला असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या गादीला आणि उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ शिवा. चादर आणि उशीचे अभ्रे मात्र वर्षभर आठवड्यातून एकदा कढत पाण्याने धुवायला हवेत. माझ्या मुलीच्या सकाळच्या शिंका थांबल्या त्या या अभ्र्यांमुळे. दसऱ्याची एकच धुलाई तिला पुरली नव्हती.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या सुती साडीत गाठोडं बांधा आणि आत कडुनिंबाची वाळलेली पानं घाला. डांबरगोळ्या मी वापरत नाही. दम्याच्या माणसाला तो वास त्रास देतो, आणि जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. बाळाच्या दुपट्यांत तर त्या कधीच ठेवू नका. थंडी पडल्यावर गाठोडं सोडाल तेव्हा अंथरण्याआधी गोधडीला तासभर ऊन दाखवा आणि बाहेरच एकदा झटका.